वर न चढणारे ठोके

शिझुए कुवाबारा आणि मी जपानमधल्या इमाबारी शहरातल्या एका टॉवेलच्या गिरणीत कामाला होतो आणि गिरणीच्याच संघातून धावायचो. दुपारपर्यंत पॅकिंग, मग मैदान, वसतिगृहात एकच खोली. शिझुए संघात सगळ्यांत थोरली. तिला दमलेलं बघायची आम्हाला इतकी सवय झाली होती, की तिचा चेहराच तसा आहे असं वाटायचं.

त्या वर्षी आमचे कोच हिरोसे सर यांनी ठोके मोजायला छातीला बांधायचे पट्टे आणि त्यांना जोडलेली मनगटी घड्याळं आणली. प्रत्येकीच्या हृदयाच्या ठोक्यांची एक सीमा ठरली. रोजचं धावणं सीमेच्या पुष्कळ खाली, आणि आठवड्यातून दोनदा सीमेला अगदी खेटून. शिझुएची सीमा होती एकशे अडुसष्ट. हळू धावायच्या दिवशी ठोके वाढले की तिचं घड्याळ किणकिणायचं, मग ती मुकाट्याने चालू लागायची. समुद्राच्या बंधाऱ्यावर कुत्री फिरवणाऱ्या म्हाताऱ्या तिच्या पुढे जायच्या.

"लाज वाटते गं," ती म्हणायची. "इतकी वर्षं धावले आणि आता चालायला शिकतेय!"

तरी उन्हाळ्यापर्यंत तिचा वेग सुधारला. मग वर्षअखेरीच्या भेटवस्तूंचं काम सुरू झालं. आता दिवसभर उभं राहून खोकी भरायची आणि मग मैदानावर जायचं. अशातच सीमेला खेटून धावायच्या एका दिवशी तिचे ठोके वर चढेचनात.

"कुवाबारा, अजून पंधरा ठोके शिल्लक आहेत! पाय उचल!" सर ओरडले.

"उचलतेय, सर."

"आकडा तसं म्हणत नाही. फिरायला आलीस का?"

ती आणखी जोर लावत राहिली. पंधरवडाभर हेच चाललं. रात्री भाताचा वाडगा पुढ्यात घेऊन नुसतीच बसायची. जिना उतरताना कठडा धरायची.

एका संध्याकाळी ती धावता धावता थांबली आणि ट्रॅकवरच बसली. सर तावातावाने आले.

"सर, मी जीव तोडून धावतेय," ती म्हणाली. "पण ठोके वर येतच नाहीत."

सर तिच्याजवळ उकिडवे बसले. "झोप लागते?"

"नाही."

"कधीपासून?"

"आठवत नाही."

"मला वाटलं, ठोके कमी म्हणजे दम वाढला आणि तू अंग चोरतेस," सर हळू आवाजात म्हणाले. "अगं, तू पार पिळून निघालीयेस, म्हणून ठोके चढत नाहीत. मला आधीच कळायला हवं होतं. आता धावणं बंद."

हिवाळ्यातल्या रिले शर्यतीत तिचा टप्पा मला मिळाला. एकीने दुसरीला द्यायचा कापडी पट्टा खांद्यावर घेऊन धावले आणि तीन जणी मला मागे टाकून गेल्या. तिने रस्त्याकडेला उभं राहून मला हाक मारली, पण आवाज फार लांब पोहोचला नाही.

वसंतात ती परत धावू लागली, पण संघात तिला जागा उरली नव्हती. गिरणीतलं काम तेवढं राहिलं. एका रविवारी दुपारी मी विचारलं, "वाईट वाटतं का गं?"

"वाटतं की," ती म्हणाली. "पण आधी झोपू दे मला."

आणि भिंतीकडे तोंड करून तिने पांघरूण ओढून घेतलं.