मेलं नाहीये माझं गवत!

परवा शिर्डीत एका हॉटेलच्या दारात मी चक्क मातीत फतकल मारून बसले. भर दुपारी, चांगला ड्रेस घालून… कारण कुदळ घेऊन एक माणूस माझं गवत उपटायला निघाला होता.

कोपरगावात माझी छोटीशी नर्सरी आहे. या हॉटेलसमोरच्या पट्ट्यात शोभेचं लाल फाउंटन ग्रास लावायचं काम मिळालं… स्वतःच्या नावावरचं माझं पहिलं काम! लालसर जांभळी पाती, वाऱ्यावर डुलणारे तुरे… म्हटलं, बघाच आता.

कसलं काय! महिनाभरात पाती पिवळी, शेंडे करपलेले, मधेच कुठंतरी हिरवंगार. मॅनेजरचा फोन, "मॅडम, तुमचं गवत मेलं. काढून टाकतोय." उपटलं असतं ना, तर माझं नावही त्याच्याबरोबर उकिरड्यावर गेलं असतं. आमच्याकडे एक काम बिघडलं की पंचक्रोशीत बोंब होते.

बसल्या बसल्या एक ठोंब दोन्ही हातांनी फाकवून दाखवला. वरची पाती जुनी, नर्सरीत जाळीच्या सावलीत वाढलेली… उघड्या उन्हात ती करपणारच! बघायचं असतं ते बुडाशी, आणि तिथं कोवळे फुटवे होते. चांगले टणटणीत.

पण हिरवे! लाल यायला हवे होते. आता मात्र मीही चरकले… लाली उन्हानंच चढते, आणि ऊन तर भरपूर आहे, मग?

मॅनेजर म्हणाला, "खत तर चालूच आहे की. तुमचे सासरे दर गुरुवारी येऊन टाकतात, पाणीही तेच मारतात."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

नाना, माझे सासरे, पक्के ऊसवाले. पिवळं दिसलं की युरिया आणि पाणी, बस्स! गुरुवारी दर्शनाला जायचे आणि गुपचूप माझ्या गवताचे लाड करून यायचे. युरिया जास्त झाला की हे गवत नुसतं हिरवं माजतं, लाली जाते, कोवळ्या मुळ्यांना चटका बसतो तो वेगळाच. फोन लावला तर म्हणतात, "लई पिवळं पडलं हुतं गं. तुला कुनी नावं ठिवू नये म्हनून टाकलं."

राग आला, आणि डोळ्यांत पाणीही आलं. पण स्पष्ट सांगितलं… नाना, ऊस तुम्ही सांभाळा, माझ्या गवताला हात लावायचा नाही.

मॅनेजरलाही तेच. खत बंद, पाणी मी सांगेन तेवढंच. फाटकाकडच्या टोकाला नानांचा पाइप पोचला नव्हता, म्हणून तिथं युरियाही पडला नव्हता… तिथला नवा फुटवा लालबुंद होता. तो बघून मॅनेजरने मालकांना फोन केला आणि कुदळ परत गेली.

मग कात्री घेतली आणि करपलेली पाती वीतभर ठेवून सगळी छाटली. आता पट्टा दिसतो जावळ काढलेल्या डोक्यासारखा. येणारे-जाणारे हसतात, हे कुणी लावलंय म्हणून विचारतात.

विचारा ना! काल नानांनाच सोबत घेऊन गेले, माझ्या नावाची पाटी ठोकायला. त्या खुंटांच्या अगदी मधोमध. नाना घुटमळले, "अगं, आदी लाल तर हुऊ दे. मग लाव की पाटी."

म्हटलं, लाल झाल्यावर काय नाना, कुणीही लावेल… धरा पाटी.