दुसरं अक्षर

वान्किल्या वस्तीत आता बूट दुरुस्त करणारा औषधालाही सापडत नाही, पण कपडे शिवून विकणाऱ्या पोरी गल्लोगल्ली आहेत. शनिवारी अख्ख्या तोरिनो शहरातली हौशी मंडळी इथे लोटतात आणि "असा दुसरा कुठे मिळणार नाही ना?" असं विचारून विचारून खरेदी करतात. एर्सिलियाला त्याचं हसू यायचं. तिच्या तरुणपणी सगळ्यांचेच कपडे असे असत, कारण दुसरा शिवायला कापड नसायचं.

एर्सिलियाचा उभा जन्म शिवणात गेला. लग्न केलं नाही. का, असं कुणी विचारलंच तर "सवड झाली नाही" म्हणून मोकळी व्हायची.

त्या शनिवारी भाजी घेऊन परतताना ती त्यांतल्याच एका पोरीच्या, नोएमीच्या, दुकानापुढे थबकली. काचेत पांढऱ्या जाड सुती कापडाचा एक झगा टांगला होता आणि छातीवर दोन अक्षरं वेलीसारखी एकमेकांत गुंफलेली होती, ए आणि जी. ते भरतकाम तिचंच होतं.

त्या काळी मुली लग्नाच्या चादरी स्वतः भरत. आधी आपल्या नावाचं पहिलं अक्षर काढायचं, आणि दोन्ही घरांत बोलणी झाली की शेजारी नवऱ्याचं. एर्सिलियाला तेवढा दम निघाला नाही. गल्लीतला जाचिंतो तेव्हा नुकताच ट्रामवर चालक म्हणून लागला होता आणि तिच्या खिडकीखालून जाताना मुद्दाम घंटी वाजवायचा. तिने घंटीलाच मागणी समजून सगळ्या चादरींवर जाचिंतोचा जी काढून टाकला. पुढे जाचिंतोने बेकरीवाल्याच्या एल्दाशी लग्न केलं. चादरी पेटीच्या तळाशी गेल्या. वापरायची सोय नाही, कुणाला द्यायची सोय नाही. यंदा तिने मन घट्ट करून त्या चर्चमध्ये दिल्या. तिथून त्या जुन्या बाजारात गेल्या असणार आणि बाजारातून नोएमीच्या कात्रीखाली.

जाचिंतो अजून याच गल्लीत राहत होता. एल्दा जाऊन दोन वर्षं झाली होती. रोज सकाळी नोएमीच्या दुकानासमोरच्या बारमध्ये तो कॉफी प्यायला यायचा आणि त्याची नजर अजून चांगली शाबूत होती. म्हातारपणी लाज वाटत नाही, असं तरुणांना वाटतं. एर्सिलियाला मात्र वाटत होती. झगा आत्ताच्या आत्ता काचेतून निघायला हवा होता.

"तो झगा मला दे," ती आत शिरत म्हणाली.

"भाचीसाठी का, सिन्योरा एर्सिलिया?" नोएमीने विचारलं.

"माझ्यासाठी. हसू नकोस."

"हसत नाहीये. पण घालून बघा आधी. अंगावर न बसणारं मी विकत नाही. बाई नाराज, कापड नाराज, आणि शिव्या मला!"

वाद घालायला वेळ नव्हता. एर्सिलिया पडद्यामागे गेली. झगा डोक्यातून खाली ओढला, तोच दाराची घंटी वाजली.

"पोरी, इथे काचेत एक झगा होता. कुठे गेला?"

जाचिंतोचा आवाज.

"एक बाई घालून बघताहेत."

"त्यांना सांग, मी हवे तेवढे पैसे देतो. माझ्या एल्दाचा आहे तो. एल्दा आणि जाचिंतो, ए आणि जी! ती गेल्यावर तिच्या चादरी मी डोळे मिटून चर्चमध्ये देऊन टाकल्या. कपाटाकडे बघवत नव्हतं. आयुष्यभर तिला चिडवलं मी, तुला टाका घालता येत नाही म्हणून. आणि बघ, किती सुंदर काढलंय. मला कधी दाखवलंसुद्धा नाही."

आता गप्प बसून झगा पडद्याबाहेर सरकवायचा, की झालं. गुपित जन्मभरासाठी झाकलं जाणार होतं, शिवाय म्हाताऱ्याचंही समाधान. एर्सिलियाने खांद्यावरून झगा उतरवायला घेतलाही. मग आरशात ती वेल दिसली. त्या एका वळणासाठी तिने दोनदा उसवलं होतं, डोळे लाल होईपर्यंत दिव्याजवळ बसली होती. ती वेल एल्दाची? तिचं डोकंच फिरलं.

तिने पडदा फर्रकन बाजूला सारला.

"एल्दाला साधं बटण लावता येत नव्हतं, जाचिंतो! तुझ्या कोटाची बटणं कोण लावून द्यायचं, विसरलास?"

"एर्सिलिया? तू? अगं, पण ही अक्षरं..."

"ए माझा आहे."

"आणि जी?"

जाचिंतोने अक्षरांकडे पाहिलं, मग तिच्या चेहऱ्याकडे. हळूच टोपी काढून हातात घेतली.

"मी सगळ्याच खिडक्यांखाली घंटी वाजवायचो गं," तो खालच्या आवाजात म्हणाला.

"ते मला नंतर कळलं," एर्सिलिया म्हणाली. मग नोएमीकडे वळली. "पिशवी नको. घालूनच जाते."