माईकवाल्याचं पान

नव्वदच्या दशकात कोल्हापुरात आमच्या पेठेतल्या देवळात भंडाऱ्याला माईक लावायला दरवर्षी तोच माईकवाला यायचा. माईकवर फुंकर मारून "हॅलो, हॅलो" म्हणायच्या ऐवजी तो सांगायचा, "आमटीचा वास झ्याक सुटलाय, पावणं!" माईक नसतानाही तो तेवढ्याच आवाजात बोलायचा. आरत्या त्याला आमच्यापेक्षा जास्त पाठ होत्या.

पंगतीला मात्र त्याचं पान वेगळं, चपलांच्या ढिगाजवळ, त्याच्या माईकच्या मशीनशेजारी. त्याची जात आम्ही खालची मानत होतो. पण हे तोंडावर कोण म्हणणार? म्हणून मी, देवळाचा सेक्रेटरी, कारण शोधून काढलं होतं: मशीन तापतं, कुणीतरी राखायला हवं. दरवर्षी मी तेच हसून सांगायचो आणि तोही हसून मान डोलवायचा. आज हे लिहिताना लाज वाटते.

एका वर्षी आम्ही पंगतीत बसलो आणि कर्ण्यातून त्याचा आवाज आला, "सेक्रेटरीसाहेब, मशीनला नवा पंखा बसवलाय. आता तापत न्हाय. माझं पान कुठं मांडू?"

सगळी पेठ माझ्याकडं बघायला लागली. वाढप्याची पळी हवेतच थांबली. मी फक्त वीतभर सरकलो.

तो आला, पत्रावळ मांडली आणि बसता बसता विनामाईक गरजला, "आणखी सरका की, पावणं! एवढ्यात माझी एकच मांडी मावती."