के ताल उं शाझिन्यु?

सर्व संबंधितांस अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की, माझ्या पोर्तुगीज भाषेपायी लाखनीतल्या आमच्या घरात दोन देशांची माणसं दिवसभर उपाशी बसली होती.

आमची शीतल नोकरीसाठी पोर्तुगालला गेली आणि तिथल्याच मुलाशी लग्न ठरवून आली. सोबत तो मुलगा आणि त्याची आई, तेरेझाबाई. दुसऱ्याच दिवशी मुलं कागदपत्रांसाठी नागपूरला निघाली. बाई आमच्या हवाली.

जाताना शीतलनं बजावलं, "बाबा, तिकडे आग्रह नाई करत. सहज सुचवाचं. नको म्हनलं का विषय बंद."

मी मोबाइलवर पोर्तुगीज घोकून तयारच होतो. 'के ताल' म्हणजे 'कसं राहील?' पुढे वस्तू जोडली की झाली सूचना. (भाषा इतकी सोपी असताना लोक कॉलेजात कशाला जातात, असंही वाटून गेलं.)

सकाळी मी पायावर पाय टाकून, अगदी सहज, म्हणालो, "के ताल उं शाझिन्यु?" थोडासा चहा?

"नाउं, ओब्रिगादा." नको, धन्यवाद. बाई गोड हसल्या. मी विषय बंद केला. त्या माझ्याकडे पाहतच राहिल्या. उच्चार आवडले असावेत.

दुपारी पाटोडीच्या रश्श्याचा वास ओसरीवर आला. मी जेवण सुचवलं.

"नाउं, ओब्रिगादा." विषय बंद. या वेळी बाईंनी स्वयंपाकघराकडे पाहून आवंढा गिळला.

"काय म्हनते?" माझ्या बायकोनं, सुमननं, आतून विचारलं.

"नको म्हनते."

"अन् तुमी गप बसले?"

"तिकडची रीत हाये ते."

"मंग तुमालेबी नाई वाढत. पाहुनी उपाशी अन् यजमान ढेकर देते, असं या घरात नाई होत."

चार वाजता मी केळं सुचवलं. बाईंचा हात अर्ध्यापर्यंत आला, थबकला, परत गेला. "नाउं..." पुढचं धन्यवाद त्यांच्याच्यानं निघेना.

आत सुमन पदरानं डोळे पुसत होती. "आपल्या हातचं तिले चालत नाई. उद्या पोरगी हिच्याच घरी जाईन. परक्या मुलखात तिले कोन वाढन, सांगा बरं?"

पोरीच्या सासूशी चार शब्द बोलता यावेत, एवढ्याचसाठी तर या वयात घोकंपट्टी केली होती. शेवटी शीतलला फोन लावला. पलीकडे ती हसतच सुटली.

"अवो बाबा, मीच शिकवलं त्याइले! आपल्याकडे पयल्यांदाच हो म्हनलं त लोक हावरट समजते. दोन-तीनदा आग्रह झाला का मगच बसा म्हनून."

म्हणजे बाई सकाळपासून माझ्या दुसऱ्या विचारण्याची वाट पाहत होत्या, आणि मी विषय बंद करत सुटलो होतो. आता आग्रह करायला हवा होता. पण आग्रहाची पोर्तुगीज मी शिकलोच नव्हतो.

मी ओसरीवर धावलो, हात जोडले आणि तोंडाला येईल ते बोललो. तेरेझाबाईंना ते भाषांतराशिवाय कळलं. त्या उठल्या आणि माझ्या आधी ताटावर जाऊन बसल्या. मी म्हणालो होतो ते एवढंच:

"चला नं जी बाई, पाया पडतो! तुमी जेवल्याबिगर ही मले घासभर नाई देऊन राहिली!"