मोहाच्या झाडांपाशी थांबणारा ट्रक

मूल गावच्या राईस मिलमध्ये ओळखीच्या एका ड्रायव्हरसाठी शब्द मीच टाकला होता. बारा वर्षं मालकाची गाडी चालवून त्याने स्वतःचा जुना ट्रक घेतला आणि पहिल्याच महिन्यात तो रोज उशिरा पोचू लागला. मॅनेजरने शेवटची ताकीद दिली, म्हणून त्या सकाळी मी मुद्दाम त्याच्या शेजारी बसलो.

जंगलात मोहफुलं वेचणाऱ्या बाया दिसताच त्याने ट्रक उभा केला आणि हॉर्न वाजवत बसला.

"काऊन थांबला?"

"वाघ फिरून राह्यला ना, भाऊ. हॉर्ननं तो दूर राह्यते. त्यायचं वेचनं होऊ द्या."

तासाभराने मॅनेजरचा फोन आला. काम दुसऱ्याला दिलं होतं.

मी वैतागलो. "स्वतःची गाडी घेऊन काय मिळवलं तू?"

"मालकाच्या गाडीत थांबता येत होतं का?" म्हणत त्याने पुन्हा हॉर्न दाबला.