वीस माशांना लाल दोरा

धरणाच्या पोटातल्या त्या अरुंद खोलीत अकरा वर्षं ती एकाच खुर्चीवर बसली. समोर काचेची खिडकी, काचेपलीकडे माशांचा जिना. अंडी घालायला वर जाणाऱ्या माशांची वाट धरणाने अडवली, म्हणून त्यांच्यासाठी बांधलेल्या पाण्याच्या पायऱ्या. काचेसमोरून मासा वर गेला की हातातल्या यंत्राचा खटका अंगठ्याने दाबायचा आणि संध्याकाळी आकडा वहीत लिहायचा. बसण्याआधी ती मनोमन देवाचं नाव घ्यायची, मग दिवसभर खट, खट. गावाने तिचं नावच 'मोजणीबाई' ठेवलं होतं.

गेल्या हंगामात फाटक्या शेपटीची एक मासोळी सकाळपासून चौथ्यांदा काचेसमोर आली. "काय गं, खाली काही विसरलीस का?" असं म्हणून मोजणीबाई हसली, आणि तिच्या मनात पाल चुकचुकली. तिने वर जाऊन जिन्याच्या शेवटच्या दोन पायऱ्या पाहिल्या. तिथे धार इतकी जोराची, की उडी मारणारा मासा कठड्यावरून थेट खाली नदीत फेकला जायचा. बिचारा पुन्हा यायचा, आणि मोजणीबाई पुन्हा खटका दाबायची.

कुणाला न विचारता तिने वीस मासे जाळ्यात धरले, त्यांच्या पाठीच्या पंखात लाल दोरा ओवला आणि सोडून दिले. तीन दिवसांत काचेसमोरून लाल दोरा एकशे चाळीस वेळा गेला. धरणाच्या वरच्या अंगाला मासेमारी करणाऱ्यांना विचारलं, तर तिकडे एकाच्याही जाळ्यात लाल दोरा आला नव्हता.

तिने सगळं धरणाचा कारभार पाहणाऱ्या साहेबांना लेखी कळवलं. साहेब म्हणाले, "आकडा चांगला येतोय ना बाई? मग कशाला उकरून काढताय?"

यंदा मात्र त्याच आकड्यावर सगळं येऊन ठेपलं. धरण ज्या गिरणीसाठी बांधलं तिला कुलूप लागून जमाना झाला होता. धरण पाडून नदी मोकळी करा, अशी मागणी झाली आणि सुनावणी ठरली.

तिचा थोरला भाऊ धरणाची दारं उघडायच्या कामावर होता, राहायचाही भिंतीच्या टोकाला मिळालेल्या खोलीत. सभागृहात शिरतानाच त्याने बजावलं, "आज तोंडात गुळणी धरून बस. माझी खोली जाईल, तुझी खुर्ची जाईल."

"दादा, आकडा माझ्या हातचा आहे."

"यंत्र तर सरकारचं आहे ना?"

"अंगठा माझा आहे."

साहेबांनी वाचून दाखवलं, "गेल्या हंगामात चार हजार दोनशे मासे वर गेले. जिना उत्तम चालतोय. धरण पाडायची गरज नाही."

ती उभी राहिली. दादाने बाही ओढली, तिने ती सोडवून घेतली.

"ते मासे वर गेलेच नाहीत. तेच तेच मासे मी पुन्हा पुन्हा मोजले."

साहेब तापले. "म्हणजे अकरा वर्षं तुम्ही खोटं लिहिलंत?"

"अकरा वर्षं चुकीचं लिहिलं. चूक कळली त्या दिवशी तुम्हाला कळवलं. खोटं तुम्ही आत्ता वाचलंत."

"नोकरीचा विचार करून बोला."

"करूनच आलेय." तिने यंत्र टेबलावर ठेवलं. "सकाळी एकाच माशाला नवा लाल दोरा बांधलाय. चला, आज तुम्ही मोजा."

सुनावणी घेणाऱ्या बाईंनी चष्मा काढला आणि म्हणाल्या, "चला."

खोलीत साहेब तिच्या खुर्चीवर बसले. लाल दोरा आला, त्यांनी खटका दाबला. थोड्या वेळाने तोच दोरा पुन्हा आला. त्यांनी चोरट्यासारखा खटका दाबला. तिसऱ्यांदा आला तेव्हा अंगठा वर उचलला गेला आणि तसाच राहिला.

"दाबा ना साहेब," मोजणीबाई म्हणाली. "माझा तर दर वेळी दाबला जायचा."

मागे उभ्या असलेल्या सुनावणीच्या बाईंनी वही मागून घेतली, अकरा वर्षांच्या आकड्यांवर आडवी रेघ मारली आणि खाली सही केली. "धरण पाडायला काढा," एवढंच म्हणाल्या.

परतताना दादाने भिंतीच्या टोकाच्या आपल्या खोलीकडे पाहिलं. मग म्हणाला, "आता मी राहू कुठे?"

"माझ्याकडे. आणि उद्यापासून मी घरीच आहे, तेव्हा कटकट करायलाही माणूस मिळेल."

"तुझ्या घरात उजेड कमी येतो."

"अकरा वर्षं धरणाच्या पोटात बसलेय मी, दादा," ती म्हणाली. "मला चालतो."