तीस सेकंदांत विसरायचं

आमचे बाबा आवाजाचं काम करतात. बँकेच्या फोनवर 'कृपया प्रतीक्षा करा' म्हणणारा माणूस म्हणजे आमचे बाबा. वीस वर्षं त्यांनी लोकांना ताटकळत ठेवलंय आणि अजून कोणी तोंडावर शिवी दिलेली नाही. त्यांचा हट्ट एकच. वाक्य पटल्याशिवाय आवाज लागत नाही. डोकेदुखीच्या गोळीची जाहिरात होती, तर आधी त्यांनी ती गोळी खाऊन पाहिली. डोकं दुखत नसताना.

मी तेरा वर्षांची असताना त्यांच्याकडे बर्गरची जाहिरात आली. नेमकी त्याच दिवशी चार वाजता माझी पोहण्याची शर्यत होती. "तासाभराचं काम आहे, तीनला सुटतो," असा बाबांनी मला शब्द दिला होता.

जाहिरात अशी: मुलाचा सामना संपलाय, मैदान रिकामं, मुलगा एकटाच पायरीवर बसलाय. बाप उशिरा उगवतो आणि त्याच्या पुढ्यात बर्गरचा खोका ठेवतो. मुलगा एक घास खातो आणि बापाच्या गळ्यात पडतो. त्यावर बाबांनी म्हणायचं, 'उशीर झाला? काही बिघडत नाही!'

बाबांनी हेडफोन काढला. "बिघडतं की."

"काय बिघडतं, काका?" दिग्दर्शकाने विचारलं.

"हा बाप साधं 'चुकलं' म्हणत नाही. पोरगं विसरेल कसं?"

"तीस सेकंदांत विसरायचंय त्याला. आपल्याकडे तेवढाच वेळ आहे."

बाबांनी म्हणून पाहिलं. आवाज काही लागेना. अजून प्रेमाने म्हणा, जरा हसून म्हणा, असं करत करत सव्वीस वेळा झालं. मध्येच त्यांनी 'बिघडतं, पण बघू' असं सुचवूनही पाहिलं. सव्विसाव्या वेळी सगळेच दमले होते, म्हणून ते चाललं. तेव्हा साडेपाच वाजले होते.

मी पहिली आले होते. टाळ्या वाजवायला आई एकटीच होती.

बाबा घरी आले ते स्टुडिओत वाटलेला बर्गरचा खोका घेऊन. दिवसभर त्या खोक्याशी भांडलेला माणूस तोच खोका घेऊन दारात उभा! मला रडू फुटलं आणि भूकही लागली होती. मी अख्खा बर्गर खाल्ला आणि महिनाभर त्यांच्याशी धड बोलले नाही.

त्याच महिन्यात ती जाहिरात टीव्हीवर लागली. रोज संध्याकाळी टीव्हीतले बाबा मला सांगायचे, काही बिघडत नाही. सोफ्यावरचे बाबा मान खाली घालून बसायचे. एके दिवशी त्यांनी टीव्ही बंद केला आणि म्हणाले, "माझं चुकलं. मी निघून यायला हवं होतं." वाक्य पटलेलं होतं, तरी त्यांचा आवाज अजिबात लागला नव्हता.

पुढच्या शर्यतीला ते दोन तास आधी जाऊन बसले. तेव्हा कामगार तलावाचा काठ झाडत होते. मी सहांत पाचवी आले. त्यानंतर माझ्या एकूण एक शर्यतीला बाबा हजर होते. पहिली मात्र मी पुन्हा कधी आले नाही.